नोंदवहीतले काटोल

22 मे 2012 रोजी, ऐन उन्हाळ्यात, दुपारी दोनच्या सुमारास काटोलच्या आकाशात मोठा गडगडाट झाला आणि गावात व आसपासच्या शिवारात काळे दगड पडले. जमा झालेल्या तुकड्यांचे वजन सुमारे तेरा किलो भरले. उल्केला ती जिथे पडते त्या स्थळाचे नाव देण्याचा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. त्यानुसार या पाषाणाचे नाव ‘काटोल’ असेच पडले. पुढे 2022 मध्ये आयआयटी खरगपूरच्या आणि अन्य संशोधकांनी याच दगडात ब्रिजमनाइट हे खनिज असल्याचे दाखवले. पृथ्वीच्या पोटात, शेकडो किलोमीटर खोल, हे खनिज विपुल असते. पण भूपृष्ठावर ते नैसर्गिक अवस्थेत हाती लागणे जवळजवळ अशक्य. संत्र्यांच्या मंडईसाठी ओळखले जाणारे एक तालुक्याचे गाव अशा रीतीने भूशास्त्राच्या निबंधांतून जगभर गेले.

दगड अर्थातच काटोलला राहिले नाहीत. भारतात उल्कापाषाणांचा सांभाळ भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे असतो, आणि ते योग्यच आहे. काचेच्या कपाटात ठेवून ब्रिजमनाइट कोणाला दिसले नसते. ‘आमची वस्तू आम्हाला परत द्या’ असा घोष मला या बाबतीत करायचा नाही. माझा प्रश्न वेगळा आहे: दगड गेला, त्याबरोबर काटोलचे काय गेले?

या भागात हा प्रश्न जुना आहे. नागपूरला धर्मप्रसारासाठी आलेले रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप हे उत्तम भूशास्त्रज्ञ होते. त्यांच्या काळात मांगली येथे सापडलेली एका प्राचीन उभयचराची कवटी लंडनला गेली आणि रिचर्ड ओवेन यांनी तिचे वर्णन केले. हेच हिस्लॉप सप्टेंबर 1863 मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून वारले. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला ‘अजब बंगला’, त्याच वर्षीचा. नागपूरहून काटोल रस्त्याला लागले की जुनापाणीची शिळावर्तुळे लागतात, सुमारे तीनशे. तिथल्या काही शिळांवर वाटीसारखे खळगे कोरलेले आहेत, आणि रिव्हेट-कारनॅक यांनी 1879 मध्ये त्यांवर लिहिले. म्हणजे वस्तूंची नोंद झाली, विद्वत्तापूर्ण झाली. परंतु ती प्रत्येक वेळी बाहेरून आलेल्या माणसाने, बाहेरच्या वाचकासाठी केली.

याच्या उलट घडलेले पाहायचे असेल तर धुळ्याला जावे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यात निवर्तले. ना संस्था, ना संपत्ती. मागे उरली ती दप्तरे, पोथ्या आणि चिठोऱ्या. राजधानीतल्या कोणी त्या उचलून नेण्याआधी भास्कर वामन भट आणि इतर धुळेकर स्नेह्यांनी 1927 च्या जानेवारीतच राजवाडे संशोधन मंडळ उभे केले. 1932 पासून ‘संशोधक’ हे त्रैमासिक निघू लागले. पोथ्यांबरोबर शिल्पे, नाणी, चित्रे जमत गेली आणि संग्रहालय झाले. हे सारे एका जिल्ह्याच्या गावातल्या लोकांनी, पोटापाण्याचे उद्योग सांभाळून केले.

मी गेलो तेव्हा दालनात दुसरे कोणी नव्हते. संग्रह दाखवणाऱ्या गृहस्थांनी एका मूर्तीपाशी थांबून तिची शैली किंवा शतक सांगण्याआधी ती कशी मिळाली ते सांगायला सुरुवात केली. मोठ्या संग्रहालयात असे होत नाही. तिथे फलकावर शतक असते, पाषाणाचा प्रकार असतो, आणि प्राप्तिस्थान हा एक शब्द असतो. इथे प्राप्तिस्थान हीच गोष्ट होती. (तिचा किती भाग आख्यायिका म्हणून वजा करावा लागेल, हा प्रश्न मनात आलाच. राजवाड्यांनीही तो विचारला असता, बहुधा चढ्या आवाजात.)

मात्र साहित्याच्या विद्यार्थ्याने धुळ्याहून घेण्यासारखी गोष्ट मूर्तींत नाही. मंडळाने राजवाड्यांचा मराठी धातुकोश 1937 मध्ये प्रसिद्ध केला, आणि नंतर नामादि शब्दांचा व्युत्पत्तिकोश. त्यांतल्या कित्येक व्युत्पत्ती आज टिकत नाहीत. ते सांगायला भीड नको. परंतु जो मनुष्य गावोगाव दप्तरे धुंडाळत हिंडला, त्यालाच शब्दही वस्तूंसारखे जमवावेसे वाटले, हा योगायोग नव्हे. कागद, नाणे आणि क्रियापद ही त्याच्या दृष्टीने एकाच जातीची साधने होती.

काटोलच्या दगडाबाबत नेमके हेच साधन नोंदीविना राहते. उल्केच्या शास्त्रीय नोंदीत वेळ आहे, वजन आहे, वर्ग आहे (एल6, साधा कॉन्ड्राइट). त्या दुपारी लोकांनी त्या आवाजाला काय म्हटले, दगड प्रथम हातात घेणाऱ्याला तो कशासारखा वाटला, घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी त्याचा काय अर्थ लावला, याला त्या नोंदीत जागा नाही. असण्याचे कारणही नाही. ते काम स्थानिक संग्रहालयाचे. त्यासाठी दगड ताब्यात असावा लागत नाही. इमारतही लागत नाही, आणि हे बरेच आहे, कारण इमारती वाळवीच्या आणि वारसांच्या हाती जातात. हौशी संग्राहकाला 1972 चा पुरावस्तू कायदाही लक्षात ठेवावा लागतो. शंभर वर्षांपूर्वीची मूर्ती घरात आणून ठेवली की नोंदणीचा प्रश्न येतो. पुण्याच्या दिनकर केळकरांनी आयुष्यभर जमवलेला अफाट संग्रह 1975 मध्ये शासनाला दिला, त्यामागे उदारता होतीच. पण एकट्या कुटुंबाने तो किती पिढ्या सांभाळायचा, हा हिशेबही त्यात असणार असे मला वाटते.

वहीला असले प्रश्न पडत नाहीत. काटोलच्या एखाद्या महाविद्यालयातल्या मराठीच्या वर्गाने ती आज सुरू करावी. रकाने चारच पुरेत: दिनांक, वस्तू, ठिकाण, आणि सांगणाऱ्याचे शब्द. शेवटच्या रकान्यात प्रमाण मराठीत दुरुस्ती करू नये. वऱ्हाडी-नागपुरी वळणाचे क्रियापद जसे उच्चारले गेले तसेच लिहावे. 2012 मध्ये जे दहा वर्षांचे होते ते आज पंचविशीच्या आत-बाहेर आहेत, त्यांना ती दुपार चांगली आठवत असेल. जे तेव्हाच सत्तरीचे होते, त्यांच्याकडे मात्र आधी जायला हवे.