अलिझेची कुळकथा

विक्रांत या भारताच्या पहिल्या विमानवाहू नौकेवरून पाणबुड्यांचा माग काढणारे फ्रेंच बनावटीचे अलिझे हे विमान ज्या कुळातले, त्याचा मूळपुरुष नौदलाच्या सेवेत कधी दाखलच झाला नाही. ब्रेगे कंपनीने फ्रेंच नौदलासाठी आखलेल्या त्या हल्लेखोर विमानाचे नाव व्हुल्तुर, म्हणजे गिधाड, असे होते आणि त्याचे पहिले उड्डाण ऑगस्ट 1951 मध्ये झाले. त्याच्या नाकाशी पंखा फिरवणारे मांबा हे टर्बोप्रॉप इंजिन आणि शेपटीत नीन हे जेट इंजिन होते. पहिल्याने कमी इंधनात दूरवर जावे व दुसऱ्याने हल्ल्याच्या वेळी वेग द्यावा, अशी ही योजना होती. मात्र निव्वळ जेट विमाने झपाट्याने सुधारत गेल्याने अशा दुहेरी यंत्रणेचे प्रयोजन उरले नाही आणि व्हुल्तुरचे उत्पादन झालेच नाही.

तरीही दुसरा नमुना मोडीत निघाला नाही, कारण फ्रेंच नौदलाची गरज बदलली होती आणि त्याला आता पाणबुडीविरोधी विमान हवे होते. पाणबुडीच्या शोधात वेगापेक्षा तासन्तास समुद्रावर घिरट्या घालण्याची क्षमता मोलाची असते, म्हणून ब्रेगेने शेपटीतले जेट काढून टाकले आणि त्याऐवजी पोटातून खाली सोडता व पुन्हा आत ओढून घेता येणारा रडारचा घुमट बसवला. पाण्याखालची पाणबुडी डिझेल इंजिनासाठी हवा घेण्याची नळी पृष्ठभागावर काढते, तेव्हा तेवढी नळीही अशा रडारला टिपता येते. या फेरबदलातूनच अलिझे घडले व ऑक्टोबर 1956 मध्ये प्रथम उडाले. गिधाडाच्या या वारसाला व्यापारी वाऱ्यांचे नाव मिळाले. त्याच्या पंखांवरील दोन फुगीर कोशांत मागे चाके दुमडली जात, तर पुढे सोनोबॉय, म्हणजे पाण्यावर तरंगत खालचे आवाज टिपून ते रेडिओने विमानाकडे धाडणारी साधने, ठेवलेली असत.

भारतीय नौदलाची अलिझे तुकडी, क्रमांक 310, मार्च 1961 मध्ये फ्रान्समधील इयेर येथे उभी राहिली आणि 1971 च्या युद्धात तिची विमाने विक्रांतवरून बंगालच्या उपसागरात झेपावली. गोव्यात दाबोळीजवळच्या बोगमाळो येथील नौदल विमान संग्रहालयात यांपैकी एक अलिझे ठेवलेले आहे.