परळची गुळवेल आणि पुंगोलची कुंडी

गुळवेलीच्या गोळ्यांची बाटली तुमच्या घरी आहे का? २०२० नंतर इथल्या मराठी घरांत ती सहज सापडते. कुणाच्या आईने पुण्याहून पाठवलेली, कुणी सेरंगून रोडवरून आणलेली. इथे वाढलेल्या मुलांना 'गिलोय' हे हिंदी नाव जास्त ओळखीचं. संस्कृतात तीच गुडूची, आणि अमृताही. यकृत जपणारी वेल अशी तिची ख्याती. त्या ख्यातीचा कस मुंबईत, परळच्या केईएम रुग्णालयात लागला. ती हकिगत तुम्हाला ठाऊक असायला हवी.

'फुलवा', 'हिरवाई' लिहिणाऱ्या डॉ. शरदिनी डहाणूकर तुमच्यापैकी अनेकांनी वाचल्या असतील. झाडाफुलांवर इतकं गोड लिहिणाऱ्या या बाई पेशाने औषधशास्त्रज्ञ होत्या. आयुर्वेदातल्या वनस्पती त्यांनी केईएमच्या प्रयोगशाळेत आणल्या. त्याच रुग्णालयात डॉ. रवी बापट पोटाच्या शस्त्रक्रिया करत, 'वॉर्ड नं. पाच, केईएम' हे पुस्तक त्यांचंच. शल्यचिकित्सकांना छळणारा प्रश्न असा होता: कर्करोगाच्या गाठीने पित्ताची वाट बंद होते, पित्त तुंबतं, कावीळ होते. शस्त्रक्रिया नीट पार पडूनही असे रुग्ण जंतुसंसर्गाने दगावत, कारण जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी लुळ्या पडलेल्या असत.

डॉ. निर्मला रेगे, बापट, डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये अशा ३० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळ्यांचं तुंबलेलं पित्त आधी बाहेर काढलं, नेहमीची औषधं दिली. एका गटाला त्या काळात गुळवेलीचा अर्कही दिला, वजनाच्या दर किलोमागे रोज १६ मिलिग्रॅम. अर्क न मिळालेल्यांपैकी निम्म्यांच्या रक्तात जंतुसंसर्ग पसरल्याची लक्षणं दिसली. अर्क घेतलेल्यांत एकाच्याही नाही. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या गटातले ४० टक्के वाचले, दुसऱ्यातले ९२.४ टक्के.

आकडे थक्क करणारे आहेत, पण रुग्ण तीसच होते. शिवाय ही गोष्ट सांगताना एक तपशील हमखास गळतो. पित्त काढल्यानंतर यकृताच्या तपासण्या दोन्ही गटांत सारख्याच होत्या! म्हणजे गुळवेलीने यकृत 'दुरुस्त' केलं नव्हतं, पांढऱ्या पेशींना जागं केलं होतं. हे ध्यानात असू द्या, पुढे लागेल.

औषधांपासूनच यकृत वाचवायची वेळ भारतात वारंवार येते ती क्षयरोगात. आयसोनायझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड ही औषधं जीव वाचवतात आणि तीच यकृताला इजाही करू शकतात. कावीळ झाली की गोळ्या थांबवाव्या लागतात, आणि मग क्षयाच्या जंतूंना मोकळं रान मिळतं. गुजरातमधल्या संशोधकांनी या गोळ्यांसोबत हळद आणि गुळवेल देऊन पाहिली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात, नुसत्या गोळ्या घेणाऱ्या १९२ पैकी २७ जणांच्या यकृताला इजा झाली. सोबत हळद-गुळवेल घेणाऱ्या ३१६ पैकी फक्त दोघांच्या.

मग कोविड आला. आयुष मंत्रालयाच्या ऑक्टोबर २०२० च्या उपचारपद्धतीत गुडूची घनवटी होती. घरोघरी काढ्यांना तर ऊतच आला होता. त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईतल्या यकृततज्ज्ञांकडे कावीळ झालेले असे रुग्ण येऊ लागले, ज्यांच्या औषधांत समान धागा गुळवेलीचा होता. २०२१ मध्ये त्यांनी सहा जणांची माहिती प्रसिद्ध केली, आणि पुढच्या वर्षी भारतातल्या १३ केंद्रांतून ४३ जणांची. यकृताला झालेली इजा बऱ्याच जणांत अशा प्रकारची होती, जणू शरीराची स्वतःचीच फौज यकृतावर उलटली होती.

आता वरचा तपशील आठवा. परळला ज्या गुणाने रुग्ण तगले, तोच गुण इथे नडला असावा असं मला वाटतं. झोपलेल्या फौजेला जागं करणं वेगळं, आणि जिची फौज आधीच चिडलेली आहे अशा माणसाने महिनोन्महिने मनाने काढा पिणं वेगळं.

मंत्रालयाला हे निष्कर्ष मान्य नव्हते. रुग्णांनी घेतलेली वेल खरी गुळवेल, म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया, होती कशावरून? तिच्यासारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा असेल, असं त्यांचं म्हणणं.

इथे हा वाद आपल्या दाराशी येतो. क्रिस्पा ही आग्नेय आशियातली वेल. मलय लोक तिला पातावाली म्हणतात आणि ताप, मधुमेह यांवर तिचा कडू काढा पितात. तिच्यामुळे यकृताला सूज आल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. पुंगोलच्या कॉरिडॉरमध्ये शेजाऱ्यांनी प्रेमाने दिलेली 'गुळवेल' यांतली कोणती? पानं दोघींची बदामाच्या आकाराची, त्यावरून कळत नाही. खोड बघा. पातावालीच्या खोडावर पुटकुळ्यांसारख्या गाठी दाटीने असतात; आपल्या गुळवेलीची साल कागदासारखी पातळ सुटते आणि खाली हिरवं दिसतं.

सिंगापूरला असा पेच नवा नाही. चिनी वैद्यकातली ह्वांगल्येन ही मुळी इथे १९७८ मध्ये बंद झाली, कारण जी६पीडी या घटकाची कमतरता असलेल्या तान्ह्या बाळांची कावीळ तिच्यामुळे बळावते असा संशय होता. पुढे अभ्यास झाले आणि बंदी टप्प्याटप्प्याने उठली. संशय होता तो तिच्यातल्या बर्बेरिनवर. आपल्या दारुहळदीतही तेच असतं, हे बाळंतिणीच्या काढ्यांचे सल्ले देणाऱ्या आज्यांच्या कानावर घालायला हरकत नाही.

तेव्हा पॉलिक्लिनिकमध्ये डॉक्टर 'आणखी काय घेता?' असं विचारतील तेव्हा बाटली सोबत न्या. विशेषतः थायरॉइड, मधुमेह किंवा क्षयाची औषधं चालू असतील तर. आणि 'गुळवेल' म्हणू नका, कुणाला कळणार नाही. टिनोस्पोरा म्हणा, आणि पुढे कॉर्डिफोलिया की क्रिस्पा तेही वाचून दाखवा. बाटलीवर ते छापलेलंच नसेल, तर तेही डॉक्टरांना सांगा.