मामांची तार-कचेरी

आजच्या मुलांना 'इंटरनेट लागत नाही' या तक्रारीतला 'लागणे' हा शब्द कोठून आला, हे सांगावे लागते. एके काळी ते खरोखरच फोनसारखे लावावे लागे, आणि फोनसारखेच कित्येकदा लागत नसे!

मुंबईत या गोष्टीचा आरंभ १९८६-८७ च्या सुमारास झाला. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने 'अर्नेट' ही योजना हाती घेतली, आणि जुहूची एन.सी.एस.टी. ही संस्था व पवईची आय.आय.टी. यांच्यात टेलिफोनच्या तारेवरून संगणकाची पत्रे जाऊ-येऊ लागली. एन.सी.एस.टी.चे संचालक श्रीनिवासन रमणी हे त्यातले एक अग्रणी. सामान्य गृहस्थासाठी मात्र ही वाट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने उघडली. त्या वेळचा वेग सेकंदाला ९,६०० बिट. आजच्या मोबाईलवरचे दोन मेगाबाइटचे एक छायाचित्र त्या वेगाने यायला सुमारे अर्धा तास लागला असता!

टेलिफोनची तार माणसाच्या आवाजासाठी घातलेली. संगणकाला तर आवाज नाही. म्हणून मध्ये मोडेम नावाची पेटी बसवीत. ती संगणकाच्या खुणांचे सुरांत रूपांतर करी आणि पलीकडच्या सुरांच्या पुन्हा खुणा करी. जोडणी होताना ऐकू येणारी ती किंकाळी म्हणजे दोन पेट्यांनी एकमेकींशी वेग ठरवून घेणे होय.

१९९८ च्या नोव्हेंबरात निगमाची मक्तेदारी संपली, खाजगी कंपन्या आल्या आणि हे वेड चेंबूरलाही पोचले. माझे मामा तेथे राहत्या घरीच दुकानदारांचे हिशेब लिहीत. मी शिक्षणासाठी त्यांच्याकडे होतो. घरात तीन संगणक, पण फोन एकच. म्हणून मामांनी एका जुन्या संगणकाला 'सर्व्हर' केले. तिघांपैकी कोणीही काही मागितले, की त्याने नंबर फिरवायचा. पंधरा मिनिटे कोणी काही मागितले नाही, की फोन ठेवून द्यायचा. एका बाजूला फोनचा मीटर आणि दुसऱ्या बाजूला विकत घेतलेले तास, अशी दुहेरी गळती थांबविण्याचा हा उपाय होता. मामी या सगळ्याला 'तार-कचेरी' म्हणत.

एके रात्री मी माझा संगणक चालू ठेवूनच झोपलो. त्यावरचा टपालाचा कार्यक्रम दर दहा मिनिटांनी नवे पत्र आले का, हे विचारी. विचारणा दहा मिनिटांची आणि फोन ठेवण्याची मुदत पंधराची! म्हणजे ती पंधरा मिनिटे कधी भरलीच नाहीत. रात्रभर आमचा फोन 'एंगेज' राहिला.

त्याच रात्री साताऱ्याला आजी अत्यवस्थ झाली. तिकडून पहाटेपर्यंत फोन करीत होते. शेवटी सकाळी शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप आला. मामा दुपारी पोचले, तोवर आजीची शुद्ध हरपली होती. मायलेकरांचे बोलणे झाले नाही ते नाहीच.

मामा परत आल्यावर मी सारे कबूल केले. ते रागावले असते, तर बरे झाले असते. ते नुसते सर्व्हरपुढे बसले आणि नवा नियम घातला: रात्री दहा ते सकाळी सात, कोणीही मागितले तरी नंबर फिरवायचा नाही. मग पुठ्ठ्याच्या तुकड्यावर स्वच्छ अक्षरात लिहून तो त्यांनी फोनच्या वर टांगला: 'दहानंतर फोन माणसांसाठी.'

पुढे ब्रॉडबँड आले. एकाच तारेवर बोलणे आणि संगणक सुखाने नांदू लागले. २००२ साली विदेश संचार निगम टाटांकडे गेला. अमेरिकेतल्या ए.ओ.एल. कंपनीनेही आपली डायल-अप सेवा ३० सप्टेंबर २०२५ रोजी बंद केली. एक युग संपले.

तो पुठ्ठा आता माझ्याकडे आहे. आज आमच्या घरातला कोणताच फोन कधी 'एंगेज' नसतो; माणसे मात्र असतात. म्हणून दिवाळीला सगळे जमले, की मी तो दिवाणखान्यात टांगतो. पहिल्यांदा मुले हसली. आता दहा वाजले, की त्यांतलेच कोणीतरी त्याच्याकडे बोट दाखविते.