अंध विद्यार्थी आणि नववी-दहावीचा वर्ग

अंध मुलांसाठी मुंबईत शाळा निघाल्या त्या विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर. 1900 मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी काढलेली शाळा पुढे दादरची अंधशाळा म्हणून ओळखली गेली. 1902 मध्ये ताडदेवला व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा सुरू झाली. त्यानंतर कित्येक दशके अंध मुलाने शिकायचे तर अशा वेगळ्या शाळेतच, असे चालत आले. तिथे ब्रेल मिळे, संगीत मिळे. पण खेड्यातल्या मुलाला त्यासाठी घर सोडावे लागे.

कोठारी आयोगाने (1964-66) अपंग मुलांना शक्य तिथे सर्वसाधारण शाळेतच शिकवावे, असे सुचवले. 1974 मध्ये केंद्राची अपंग एकात्म शिक्षण योजना आली. ती आधी समाजकल्याण खात्याकडे होती, 1982 मध्ये शिक्षण खात्याकडे आली. हा बदल मोलाचा होता, कारण या मुलांची शाळा तोवर मदतकार्यात जमा होती.

प्रवेश मिळाला तरी खरी अडचण माध्यमिक वर्गात उभी राही. प्राथमिक वर्गातले बरेचसे शिक्षण ऐकून, पाठ करून भागते. आठवी-नववीत सगळा भार फळ्यावर येतो. भूमितीचे शिक्षक खडूने दाखवत “हा कोन त्या कोनाएवढा” म्हणतात, तेव्हा अंध विद्यार्थ्याच्या हाती काहीच लागत नाही. आकडेमोडीसाठी टेलर पाटी असते: तिच्या अष्टकोनी छिद्रांत धातूचा ठोकळा ज्या दिशेने बसवावा, तसा अंक बदलतो. पण ती शिकवणारा विशेष शिक्षक फिरता, त्याच्याकडे अनेक शाळा. रोजच्या तासाला तो नसतोच.

यावर व्यवस्थेने जवळचा उपाय शोधला तो सवलतींचा. आकृत्या, नकाशे यांतून सूट मिळाली, गणिताला सोपा पर्याय मिळाला. या सवलतींनी अनेकांची दहावी पार पडली हे खरे. पण गणित सुटले की विज्ञान शाखेची वाटही बंद होई. शिकवण्यातली उणीव अशी विद्यार्थ्याच्या खात्यावर मांडली गेली. परीक्षेतला लेखनिक खालच्या इयत्तेतला असावा, हा नियम गैरप्रकार रोखण्यासाठी होता. मात्र न शिकलेली समीकरणे तो मुलगा चुकीची उतरवी आणि गुण जात ते सांगणाऱ्याचे.

कायदेही माध्यमिक वर्गापाशी रेंगाळले. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्याने अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाची जबाबदारी शासनावर टाकली, पण 2009 चा शिक्षणहक्क कायदा चौदाव्या वर्षी थांबला. नववी ते बारावीसाठी स्वतंत्र केंद्रीय योजना 2009-10 मध्ये, म्हणजे पहिल्या योजनेनंतर पस्तीस वर्षांनी आली. 2016 च्या कायद्याने किमान 40 टक्के अपंगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क दिला. माध्यमिक शाळेत पूर्णवेळ विशेष शिक्षक नेमल्याशिवाय तो हक्क भूमितीच्या तासापर्यंत पोहोचणार नाही.