पेटीच्या तळाचा बहादूर

गावोगावच्या वाचनालयांनी कथा-कादंबऱ्या जपल्या. कॉमिक्स मात्र क्वचितच. ती मुलांच्या हातांत फाटली, या घरातून त्या घरात फिरली आणि शेवटी रद्दीत गेली. म्हणून तो इतिहास शोधायचा तर घरोघरच्या पेट्याच उघडाव्या लागतात.

लोणखेड्याला आमच्या घरी अशी एक पत्र्याची पेटी आहे. शहाद्याच्या बाजारातून आणि रद्दीवाल्यांकडून गोळा केलेली ‘इंद्रजाल कॉमिक्स’ तीत चाळीस वर्षांपासून आहेत. वरच्या थरात सगळा वेताळ आणि मँड्रेक. अलीकडे कसर लागली का ते पाहायला पेटी रिकामी केली, तेव्हा तळाला अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली एक हिंदी अंक निघाला. मुखपृष्ठावर भगवा कुर्ता आणि जीन्स घातलेला तरुण होता. हा बहादूर.

‘इंद्रजाल’ सुरू झाले मार्च १९६४ मध्ये. ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या प्रकाशकांनी ते काढले, मराठीतही ते निघे. पहिले ३२ अंक वेताळाचेच होते. हा मूळचा अमेरिकेतला ‘फँटम’, ली फॉक यांनी १९३६ साली जन्माला घातलेला. मराठीत त्याला गावाच्या राखणदार देवाचे नाव मिळाले आणि तो परका राहिला नाही. संपादकांनी इतर नावेही सांभाळून बदलली. मूळ कथेतला ‘बंगाला’ देश ‘डेंकाली’ झाला, ‘सिंग’ चाचे ‘सिंगा’ झाले. गोष्ट मात्र तीच राहिली. जंगलात राहणारी काळी माणसे, आणि त्यांचे रक्षण करणारा, कवटीच्या सिंहासनावर बसलेला एक गोरा.

१९७६ साली बहादूर आला. आबिद सुरती यांनी तो कल्पिला, गोविंद ब्राह्मणिया यांनी रेखाटला. चंबळच्या खोऱ्यातला हा मुलगा. बाप डाकू, पोलिसांच्या गोळीने मेलेला. आणि मुलाला वाढवले ते एका पोलीस अधिकाऱ्यानेच. १९७२ मध्ये जयप्रकाश नारायण यांच्यापुढे चंबळच्या अनेक डाकूंनी शस्त्रे ठेवली होती, ती आठवण तेव्हा ताजी होती. बहादूरला मुखवटा नाही, जादू नाही. सुडाच्या वाटेने न जाता तो गावकऱ्यांना जमवतो आणि ‘नागरिक सुरक्षा दल’ उभारतो.

त्याच १९७२ साली आमच्या शहादा भागात भिल्ल शेतमजूर गेलेल्या जमिनींसाठी आणि रास्त मजुरीसाठी श्रमिक संघटनेत एकवटले होते. अंबरसिंग महाराजांचे नाव त्या काळात घरोघर पोहोचले. बहादूरचा या लढ्याशी काही संबंध नाही. शिवाय कॉमिकमधले पोलीस नेहमी गावाच्या बाजूने असतात. खऱ्या लढ्यात चित्र इतके सोपे नसते. पण हवा एकच होती. कोणी तारणहार येईल म्हणून वाट पाहायची नाही, आपणच उभे राहायचे.

गुजराती आणि हिंदीत लिहिणारे सुरती ‘धर्मयुग’मधल्या ‘ढब्बूजी’चेही जनक. सत्तरी ओलांडल्यावर, २००७ मध्ये, त्यांनी मीरा रोडला घरोघरी जाऊन गळके नळ फुकट दुरुस्त करून देण्याचे काम सुरू केले. मराठीत कविता लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला या नावाचे विशेष वाटते. भगव्या कुर्त्यातला हा देशी नायक आबिद नावाच्या लेखकाने घडवला, आणि त्याचे तेव्हा आमच्याकडे कुणाला नवल वाटल्याचे मला आठवत नाही. नायक आपला वाटला, एवढे पुरे होते.

‘इंद्रजाल’ १९९० मध्ये बंद पडले. तोवर आठशेवर अंक निघाले होते. तुमच्याही माळ्यावर त्यातले दोन-चार असतील. रद्दीच्या तराजूत टाकण्याआधी ते एकदा चाळून पाहा. आपण कधी काय वाचले आणि कोणाला आपले मानले, याची नोंद त्या पिवळ्या पानांत सापडेल.