दुभत्या जनावरांचा क्षय व त्याची पारख

वऱ्हाडांत एलिचपुरी म्हशीचा लौकिक फार जुना आहे. एलिचपूर म्हणजे आजचें अचलपूर. हिलाच नागपुरी म्हैस असेंहि म्हणतात. मेळघाटांतील गवळ्यांचा चरितार्थ दुधावर व खव्यावर, आणि अमरावती-अकोल्याच्या बालकांचें पोषणहि दुधावरच. अशा जनावरास क्षय जडला तर तो ओळखूं येतो काय? पुष्कळ वेळां येत नाहीं. जनावर खातें-पितें, दूध देतें. रोग मात्र आंत मुकाट्यानें वाढत असतो.

त्याची पारख करण्याचें साधन एका अपयशांतून हातीं आलें. रॉबर्ट कॉक यानें १८८२ सालीं क्षयाचा जंतु शोधला आणि १८९० सालीं ट्युबरक्युलिन हें द्रव्य क्षयावरील औषध म्हणून पुढें केलें. औषध म्हणून तें निकामी ठरलें. परंतु तें टोंचलें असतां रोगी जनावरास ताप चढतो, निरोग्यास चढत नाहीं, असें दिसून आलें. डेन्मार्कच्या बर्नहार्ड बँग यानें या कसोटीनें रोगी गाई निवडून निराळ्या बांधण्याची पद्धति घालून दिली.

१९०१ सालीं मात्र लंडनच्या परिषदेंत खुद्द कॉकनेंच गाईच्या क्षयापासून मनुष्यास म्हणण्यासारखें भय नाहीं, असें प्रतिपादन केलें. त्याच वर्षीं ब्रिटिश सरकारनें चौकशी-मंडळ नेमलें. त्याचा अखेरचा निष्कर्ष १९११ सालीं निघाला तो उलट होता: हा जंतु दुधावाटे मनुष्याच्या, विशेषतः मुलांच्या, शरीरांत शिरून रोग उत्पन्न करतो.

आज ही कसोटी कातडींत टोंचून घेतात व ७२ तासांनीं तेथील जाडी मोजतात. अमेरिकेनें १९१७ पासून रोगी जनावरें मारून रोगाचा बीमोड आरंभिला. महाराष्ट्रांत १९७६ च्या कायद्यानें गोवधास बंदी आहे. म्हणून रोगी गाय निराळी बांधण्यावर भर द्यावा लागतो. गर्दीच्या गोठ्यांत रोग श्वासावाटे पसरतो, तेव्हां हें निराळें बांधणें नांवापुरतें असून चालत नाहीं. क्षयी मनुष्याकडून जनावरासहि रोग लागूं शकतो, हेंहि विसरतां येत नाहीं.

मनुष्यांतील बहुतेक क्षय माणसाकडूनच माणसास होतो, हें खरें. तथापि धारोष्ण दूध बलवर्धक, ही समजूत अद्याप पुष्कळ घरांत आहे. जो धोका धारेंत असतो तो चुलीवर नाहींसा होतो. दूध तापवून घेण्याची आजीबाईंची जुनी शिस्त येथें प्रयोगशाळेच्या निर्णयाशीं तंतोतंत जुळते.