मुंबईचा उंदीर, मद्रासचा उंदीर

होटगी सोडून अक्कलकोट रोडकडे निघालेली गाडी वळसंगच्या मुलखातून जाते. मुंबईहून निघालेला लोहमार्ग आणि मद्रासकडून आलेला लोहमार्ग 1871 साली रायचूरला एकमेकांना मिळाले, आणि ज्वारीची पेवं राखणारा हा भाग दोन बंदरांच्या मधे आला. धान्याबरोबर उंदीर प्रवास करतो आणि उंदराबरोबर प्लेग पसरवणारी पिसू. 1896 च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवीत प्लेग उघड झाला. पुढच्या काही वर्षांत ‘उंदीर पडले’ एवढे दोन शब्द कानी आले की दख्खनमधली माणसं घराला कुलूप लावून रानातल्या झोपड्यांत राहायला जात. उंदराचं मरण हा गावासाठी इशारा होता. तो इशारा सगळीकडे सारखा का मिळत नव्हता, हे मात्र परळच्या प्रयोगशाळेत कळलं. वैद्यकीय संशोधनात प्रयोगाच्या प्राण्याचं कूळ आणि गाव विचारलंच पाहिजे, असं मला वाटतं, आणि त्याचा भक्कम पुरावा आपल्याकडे शंभराहून अधिक वर्षं पडून आहे.

1905 साली प्लेग संशोधन आयोगाचं काम परळला सुरू झालं. प्लेगची लस बनवणाऱ्या हाफकिन यांची प्रयोगशाळा 1899 पासून तिथल्याच जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये होती. आयोगाने वेगवेगळ्या शहरांतले जंगली उंदीर आणून त्यांना प्लेगचे जंतू टोचले. निकाल 1912 साली छापून आला. प्लेगने वर्षानुवर्षं पोळलेल्या मुंबईतले पुष्कळ उंदीर तगले, आणि प्लेगची झळ जेमतेम लागलेल्या मद्रासचे उंदीर पटापट मेले. जात तीच, जंतू तेच, फळ वेगळं. नुसत्या मद्रासच्या उंदरांवर काम केलं असतं तर हा जंतू उंदराला हमखास मारतो असं पाठ्यपुस्तकात गेलं असतं. नुसत्या मुंबईच्या उंदरांवर केलं असतं तर उंदीर या रोगाला बऱ्यापैकी पुरून उरतो असं. दोन्ही प्रयोग चोख असते आणि दोन्ही निष्कर्ष अर्धवट.

यावर एक शंका रास्त आहे. मुंबईचे उंदीर एकदा आजारातून उठले असतील आणि त्यामुळेच पुढे टिकले असतील, मग यात वंशाचा काय संबंध? पण उंदराचं आयुष्य वर्षा-दोन वर्षांचं. 1937 साली परळच्या त्याच प्रयोगशाळेतल्या साहिब सिंग सोखी आणि चित्रे यांनी भारतातल्या जंगली उंदरांची प्रतिकारशक्ती पुन्हा तपासली, तोवर मुंबईतला प्लेग ओसरला होता आणि 1912 च्या उंदरांच्या कित्येक पिढ्या संपल्या होत्या. तरीही मुंबई आणि मद्रास यांतला फरक उरलाच होता. रोगाने नाजूक ते निवडून मारले आणि चिवटांची वीण वाढली, हे स्पष्टीकरण मला जास्त पटतं. मादागास्करमध्येही प्लेगच्या पठारावरचे काळे उंदीर प्लेग नसलेल्या सखल भागातल्या उंदरांपेक्षा कणखर आढळले आहेत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो खुद्द सोखींच्याच कामातून उभा राहतो. 1932 मध्ये या प्रयोगशाळेचे, म्हणजे हाफकिन इन्स्टिट्यूटचे, पहिले भारतीय संचालक झाल्यावर त्यांनी जंतूंची मारकता आणि लशीची ताकद मोजायला संस्थेत जोपासलेले छोटे पांढरे उंदीर घेतले. (इंग्रजांकडे मोठ्या आणि छोट्या उंदराला वेगळी नावं, आपण दोघांनाही उंदीरच म्हणून मोकळे होतो.) मोजमाप करायचं तर वजनमाप एकसारखं हवंच. रोज बदलणाऱ्या शेराने धान्य कोण मोजेल? याच विचाराने 1921 च्या सुमाराला अमेरिकेत सी57 ब्लॅक वंशाची पैदास सुरू झाली आणि भावंडांचीच भावंडांशी वीण लावत तिथला उंदीर जवळजवळ साच्यातून काढल्यासारखा झाला. मुंबईच्या कॅन्सर संशोधन केंद्रातला आयसीआरसी वंशही अशाच बंदिस्त पैदाशीचा. हा आक्षेप घेणारे चुकत नाहीत. लशीच्या दोन खेपांची तुलना सरमिसळ कळपावर केली तर फरक लशीचा की उंदराचा, हेच उमगणार नाही.

चूक होते ती माप आणि माल एकच समजल्यावर. शेर एकसारखा असला म्हणून ज्वारी एका वाणाची ठरत नाही. 2014 साली इबोलाच्या प्रयोगात हेच दिसलं. नेहमीच्या एकवंशी उंदरांत माणसासारखा रक्तस्रावी ताप उमटत नव्हता. आठ वेगवेगळ्या वंशांच्या संकरातून मुद्दाम तयार केलेल्या उंदरांत मात्र काही निर्धोक राहिले, तर काहींना तो ताप येऊन ते मेले. रोगाचं खरं रूप विविधतेतच लपलेलं होतं. परळमध्ये ती विविधता निर्माण करावी लागली नव्हती. शहराशहरांतून उंदीर आणले की पुरे होतं.

सोखींनी दोन्ही वाटा धरल्या, हे मला त्यांचं मोठेपण वाटतं. ज्या काळात पांढरे उंदीर त्यांचं माप होते, त्याच काळात जंगली उंदीर त्यांना प्रश्न विचारत होते. 1940 साली सोखी आणि त्यांचे सहकारी दीक्षित यांनी सल्फाथायझोल प्लेगवर गुणकारी असल्याचं प्राण्यांमध्ये दाखवलं. पुढच्याच वर्षी ते औषध प्लेगच्या रुग्णांपर्यंत नेण्यात आलं, आणि त्या रुग्णांत कोणाचंच कूळ दुसऱ्यासारखं नव्हतं.